सनोबर येतेय

घर बघायला गेल्यावर मालकिणीसमोर तोंड उघडायचं नाही, असं तोक्तारने मला गाडीतच बजावलं होतं. मी उघडलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

तोक्तार हा सारीबुलाकचा दलाल. टॅक्सी तोच चालवायचा, मेंढ्यांचे सौदे तोच करायचा, आणि कुणाचं लग्न जुळत नसलं तर त्यातही हात घालायचा. वयाने माझ्या मुलाएवढा. मी ताश्कंदचा, आणि तिथून सारीबुलाक तसं काही फार लांब नाही. माझ्या तरुणपणी तर ते परदेशातही नव्हतं. आमच्याच देशातलं बिटाच्या शेतांमधलं एक लहान शहर होतं. मग देशाचे तुकडे झाले आणि ते जागच्या जागी परदेशात गेलं. बिटापासून साखर काढणाऱ्या तिथल्या कारखान्यातला जर्मन फिटर आपल्या पूर्वजांच्या देशात निघून गेला आणि त्याच्या बॉयलरला माणूस उरला नाही. मी आयुष्यभर बॉयलरच सांभाळले होते. मला बोलावणं आलं.

या वयात परदेशी नोकरी करायचं कारण लोक विचारतात. कारण एवढंच, की माझी बायको सनोबर गेल्यावर मला माझ्याच स्वयंपाकघरात पातेली सापडेनाशी झाली होती. सूनबाई येऊन लावून जायच्या, शेजारणी येऊन लावून जायच्या, आणि जाताना प्रत्येक बाई आपल्या ओळखीतल्या एखाद्या विधवेचं नाव सांगून जायची. मी घराला कुलूप लावलं.

तर ही मालकीण म्हणजे उलझान-अपा; अपा म्हणजे थोरली ताई. साठी ओलांडलेली विधवा. अंगणाच्या एका अंगाला ती स्वतः राहायची आणि समोरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. तिने आमच्यापुढे चहा ठेवला, माझ्याकडे बुटांपासून टोपीपर्यंत नीट बघितलं आणि तोक्तारला विचारलं, "एकटा आहे का हा?"

"छे हो अपा," तोक्तार म्हणाला. "बायको येतेय ना. मुलीचं बाळंतपण आहे, ते उरकलं की येतेच."

मला मुलगी नाही. मला दोन मुलगे आहेत. तोक्तारने एका वाक्यात माझ्या मेलेल्या बायकोला जिवंत केलं आणि नसलेल्या मुलीला दिवस गेल्याचं जाहीर केलं. माझ्या हातात पेला होता. पेला खाली ठेवून, घसा खाकरून, "बाई, माझी बायको वारली आहे," असं म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अपाने भाडं सांगितलं, आणि अंगणात बाईमाणूस येणार म्हणून ते कमीही केलं.

आणखी एक गोष्ट होती. सनोबरला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून जो तो मला भेटला की "गेली बिचारी" म्हणायचा. ती येतेय असं म्हणणारा हा पहिलाच माणूस होता. खोटारडा होता, पण कानाला बरं वाटलं. मी चहा संपवला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "काय रे, मी तुला सगळं सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत की, एर्गश-आका. म्हणूनच तर तसं म्हणालो. विधवेच्या अंगणात रंडका पुरुष कोण ठेवून घेईल? राहा निवांत. दोन महिन्यांनी सांगू, येणं लांबलंय म्हणून. पुढे लोक विसरून जातील."

सारीबुलाकमध्ये लोक विसरत नाहीत. त्यांनी विसरावं असं तिथे दुसरं काही घडतच नाही.

आता एरुलिकचं सांगायला हवं. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की जुन्या प्रत्येक घराने त्यांना एकेकदा जेवायला बोलवायचं, ही तिथली रीत. मेंढी कापायची, नव्या माणसांना दारापासून लांब, मानाच्या जागी बसवायचं, मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे ठेवायचं. त्याला एरुलिक म्हणतात. जे घर बोलावणार नाही त्याची छी-थू होते. आमच्या ताश्कंदमध्ये बरोबर उलटं. नवा येतो तो गल्लीला जेवू घालतो. मला त्यांची रीत आवडली. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी हात-पाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून अंगणात बसायचो.

कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात शेजारचा मुसाबेक कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. हा निवृत्त शेतकी अधिकारी. त्याने आयुष्यभर बिटाला सल्ले दिले होते आणि आता बीट हाताशी नसल्यामुळे ते माणसांना द्यायचा.

"एर्गश, तुला वाटत असेल की आम्ही कंजूष आहोत," तो म्हणाला.

"छे छे."

"वाटत असणार. मला वाटलं असतं. पण गल्लीने ठरवलंय की अर्ध्या बिऱ्हाडाला एरुलिक द्यायचं नाही. तुला एकट्याला जेवू घातलं आणि उद्या वहिनी आल्या, तर काय म्हणतील? माझ्या मागे उरकून घेतलं म्हणतील. बायका असं जन्मभर विसरत नाहीत. त्या आल्या की बघ. आमच्याकडची मेंढी मी आत्ताच बाजूला बांधलीय. बिटाचा चोथा घालतोय तिला."

अशा रीतीने त्या गल्लीत माझ्या नावाच्या मेंढ्या घरोघरी लठ्ठ होत होत्या आणि मी रोज अंडी उकडून खात होतो. तोंडाला चव यावी म्हणून अधूनमधून डब्यातले मासे. एखाद्या माणसाचा एवढा सन्मान करून त्याला एवढं उपाशी ठेवल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मग लोक तयारीला लागले. उझबेक बाई येणार, तिला रोट्यांना तंदूर लागेल, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मी कारखान्यातून परतलो तर अंगणात मुसाबेक आणि आणखी दोघे गुडघ्यापर्यंत चिखलात उभे. तंदूर घालणं चाललं होतं. त्यांच्यापैकी कुणीही याआधी तंदूर घातला नव्हता. पहिला वाळताना फुटला. दुसरा फुटला नाही, पण त्याचं तोंड इतकं अरुंद झालं की आत रोटी लावायला बाईचा हात मांजरीचा असायला हवा होता. मुसाबेक म्हणाला, "वहिनी आल्या की त्यांच्या मापाने मोठं करू. हात केवढे आहेत त्यांचे?"

मी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणालो, "याच्यापेक्षा लहान."

उलझान-अपाने खोल्यांना चुना दिला. पडदे लावले. दुपारभर ऊन खात ती अंगणात रजई शिवायची आणि मला प्रश्न विचारायची. सनोबर चहात दूध आधी घालते की नंतर? झोपायला तिला कुठली बाजू लागते? एकदा विचारलं, "तापट आहे का?" मी म्हटलं, "थोडीशी." अपा खूश झाली. म्हणाली, "बरं आहे. गरीब बायकांशी बोलून मला कंटाळा आलाय."

मी तिला खरं सांगणार होतो. शपथेवर सांगतो, दोनदा मी तिच्यासमोर जाऊन बसलो होतो. पहिल्यांदा तिने सुईत दोरा ओवायला दिला. दुसऱ्यांदा मी, "अपा, सनोबरचं असं आहे की," एवढं म्हणालो, तर ती म्हणाली, "कळलं मला. मुलीचं उरकल्याशिवाय निघवत नसेल. आईचा जीव असतो. तू तिला घाई करू नकोस." ज्या माणसावर घाई न करण्याची जबाबदारी टाकली जाते, त्याने एकदम मयताची बातमी कशी द्यावी?

बाळंतपण मात्र रेंगाळलं. कुठल्याही गल्लीत बायका बाळंतपणाचा हिशेब ठेवतातच. माझ्या मुलीला दिवस उलटून गेले असं त्यांच्या ध्यानात आलं आणि अस्वस्थता पसरली. शेवटी मी तोक्तारला सांगितलं, "हे आता तू मिटव." त्याने मिटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका दारात आल्या आणि आनंदाच्या बातमीचं बक्षीस मागू लागल्या. तोक्तारने त्यांना मुलगा झाल्याचं सांगितलं होतं. मला बक्षीस म्हणून कारखान्याची साखर वाटावी लागली. आजोबा झाल्याबद्दल मुसाबेकने मला मिठी मारली. माझा मोठा मुलगा रशियात आहे, त्यालाही मूल नाही, धाकट्यालाही नाही. माझं पहिलं नातवंड असं तोक्तारकडून झालं.

"आता तर ती निघायला मोकळी," अपा म्हणाली. "चल, पोस्टात जाऊ. फोन लावू. मी बोलते तिच्याशी."

मी म्हटलं, लाइन मिळत नाही. ती म्हणाली, मिळेस्तोवर बसू. तिने डोक्याला धुतलेला रुमाल बांधला, जणू ताश्कंदहून कुणी बघणार होतं. पोस्टात खिडकीपाशी मला नंबर सांगावा लागला. मला तेवढ्यात एकच नंबर आठवला, माझ्या घराचा. ज्याला मी कुलूप लावून आलो होतो, त्या घराचा.

लाइन लगेच मिळाली. नको असेल तेव्हा मिळतेच.

अपाने रिसीव्हर आपल्या आणि माझ्या कानाच्या मध्ये धरला. घंटा वाजत होती. फोन आमच्याकडे बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर असतो. सनोबर कधीच पहिल्या घंटेला उचलत नसे. हात ओले असायचे. पुसत पुसत यायची, "कोण मेलं आता?" असं म्हणत उचलायची. मी ऐकत राहिलो. घंटा वाजत होती, वाजत होती. अपा म्हणाली, "बाजारात गेली असेल." मी म्हटलं, "असेल." तरी मी ठेवला नाही. खिडकीतली बाई म्हणाली, "अहो आजोबा, कुणी उचलत नाहीये, ठेवा आता." मग ठेवला.

परत येताना अपाने डोक्याचा रुमाल सोडून त्याची घडी केली. खरं सांगायचं तर मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कानात अजून घंटा वाजत होती.

यानंतर सरकार जागं झालं. अपाने घरमालकीण या नात्याने नोंदणी कचेरीत दोन परदेशी भाडेकरू लिहून दिले होते. त्यातला एकच हजर झाला होता. मला बोलावणं आलं. खिडकीमागे एक गोरागोमटा, नुकतंच लग्न झालेला असावा असा कारकून होता.

"दुसरी व्यक्ती कुठे आहे?" त्याने विचारलं.

इथे मात्र मी ठरवलं की बस झालं. सरकारशी खोटं बोलायचं नाही. म्हटलं, "ती वारली."

"कधी?"

"इथे यायच्या आधी."

"मग तिने नोंदणी कशी केली?"

"तिने केली नाही. मालकिणीने केली."

"म्हणजे मालकीण मयताला खोली भाड्याने देते?"

"तिला माहीत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघा आगा, तोंडी मरण आम्ही धरत नाही. मृत्यूचा दाखला आणा. तो परदेशी, म्हणजे भाषांतर लागेल. भाषांतर करणारा जिल्ह्याच्या गावी बसतो, त्यावर शिक्का मारणारा आणखी पुढे बसतो. तोपर्यंत कागदोपत्री ती आलेली आहे आणि हजर झालेली नाही. हा गुन्हा होतो."

"कुणाचा गुन्हा?"

"तिचा."

सनोबरने जन्मभर नियम मोडला नाही. ट्रामचं तिकीटसुद्धा जपून ठेवायची, उतरल्यावरही. मेल्यावर ती एका अशा देशात गुन्हेगार ठरली, जिथे तिने पाऊल ठेवलं नव्हतं. आणि गंमत अशी, की सबंध शहरात मी खरं सांगितलं ते या एका माणसाला. त्याच्याकडे कागद नसल्यामुळे त्याने ते मानलं नाही, आणि मानलं नाही म्हणून ते कुठे फुटलंही नाही.

एव्हाना हंगाम सुरू झाला होता. बिटाच्या गाड्या कारखान्याबाहेर मैलभर उभ्या, शहरभर उकडलेल्या चोथ्याचा वास, आणि माझे बॉयलर दिवसरात्र पेटलेले. सनोबरचं वर्ष नेमकं यातच येत होतं.

आमच्यात माणूस जाऊन वर्ष झालं की त्याच्या नावाने पुलाव शिजवतात. लोक येतात, जेवतात, हात वर करून त्याच्यासाठी दुआ मागतात. एवढंच. पण ते त्या दिवशी व्हावं लागतं आणि माणसं असावी लागतात. एकट्याने पुलाव खाल्ला तर ते जेवण होतं, वर्ष होत नाही. मी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, पेटता बॉयलर सोडून जायचं असेल तर जा, पण मग परत येऊ नकोस. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, जानेवारीत करू ना. सगळ्यांना सोयीचं पडेल." मी म्हटलं, तिला मरणं सोयीचं नव्हतं, तरी ती वेळेवर मेली. त्याला ते लागलं. लागू दे.

म्हणजे आता हे मलाच करायचं होतं, सारीबुलाकमध्ये, त्या गल्लीत. दुसरी माणसं माझ्याकडे नव्हतीच. आणि ही माणसं तिच्यासाठी मेंढ्या पोसत होती.

मी तोक्तारला बोलावलं. "मला त्या दिवशी सनोबरच्या नावाने पुलाव करायचा आहे. लोकांना खरं सांग. तू सुरू केलंस, तू संपव."

तो विचारात पडला. गाडीच्या टपावर बोटं वाजवत म्हणाला, "एकदम मेली म्हटलं तर धक्का बसेल, आका. पायरी-पायरीने जाऊ. आधी आजारी पाडतो."

मला हे पटलं. का पटलं ते आज सांगता येत नाही. माणूस एकदा चिखलात उतरला की खोल बाजूच जवळची वाटते.

सनोबर आजारी पडली. छातीचा विकार, असं तोक्तारने ठरवलं. प्रत्यक्षातही तिला तेच झालं होतं, पण हे त्याला माहीत नव्हतं. आणि मग काय विचारता. गल्लीने बीट सोडलं आणि सनोबरला हातात घेतलं. कुणी घोडीचं आंबवलेलं दूध आणलं, कुणी वाळवलेल्या मुळ्या. मुसाबेकने मेंढीच्या शेपटीची चरबी बरणीत भरून आणली. "छातीला चोळायची आणि चमचाभर पोटात घ्यायची. माझा भाऊ यावर अकरा वर्षं जगला. तू ताश्कंदला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव."

ताश्कंदला जाणारा कुणी नव्हता. अंडी खाऊन मी कंटाळलो होतो. जास्त काही सांगत नाही.

"आता पुढची पायरी," मी तोक्तारला म्हणालो. दिवस जवळ आला होता.

"पुढची पायरी अशी," तो म्हणाला. "मी सांगून ठेवलंय की एर्गश-आका त्या दिवशी देवाच्या नावाने जेवण घालतायत, बायकोला बरं वाटावं म्हणून. आमच्यात अशी रीत आहे. झालं की नाही काम? दिवस तोच, पुलाव तोच, माणसं तीच, दुआ तिच्याच नावाने. तुमचं मन भरेल आणि कुणाला धक्काही बसणार नाही. मरणाचं मग सावकाश बघू, बर्फ पडल्यावर."

मी त्याला मारणार होतो. पण कढई त्याच्याच गाडीतून आणायची होती.

पुलाव मी स्वतः केला. गाजरांचा घोळ झाला. जिथे बघाल तिथे बीटच, पण धड गाजर मिळेल तर शपथ. मुसाबेक म्हणाला, "बीट घाल. जमिनीखालचंच आहे तेही." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. तोक्तार शेवटी कुठून तरी पोतंभर गाजरं घेऊन आला, लाल, पाणीदार. सनोबरला पिवळी लागायची. लाल गाजराच्या पुलावाला ती लापशी म्हणायची. तर त्या दिवशी मी सबंध गल्लीसाठी लापशी केली.

सगळे आले. अंगणात बाकं मांडली होती, वर अपाचे गालिचे. बायका तंदूरच्या बाजूला. प्रत्येक जण आत येताना माझा हात धरून म्हणत होता, "बरी होईल हं." मी "हो हो" म्हणत होतो. इमाम आले, म्हातारे, धाप लागलेले. बसले आणि विचारलं, "आजाऱ्याचं नाव काय?"

"सनोबर," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केले. सगळ्यांनी केले. इमामांचा आवाज चांगला होता. ते म्हणाले, हे अल्लाह, सनोबरला बरं कर. तिच्या छातीतलं दुखणं काढून घे. तिला शंभर वर्षांचं आयुष्य दे. तिला या घराच्या उंबऱ्यावर सुखरूप आण, या चुलीपाशी उभी कर, तिच्या हातची रोटी आम्हाला खाऊ घाल.

एवढी चांगली दुआ तिच्यासाठी कुणी मागितली नव्हती. ती दवाखान्यात होती तेव्हा मीसुद्धा नाही. मला मागता आली नव्हती. आता सगळी गल्ली ती मागत होती, आणि ती पुरी व्हायची वेळ निघून वर्ष झालं होतं. आमीन म्हणायची वेळ आली. लोक माझ्याकडे बघत होते, कारण पहिलं आमीन घरच्याचं.

"थांबा," मी म्हणालो. "ती मेली आहे. आज वर्ष झालं."

हात वरच राहिले. कुणाला खाली घ्यायचं सुचेना. कढईवरचं झाकण तेवढं थडथडत होतं. तोक्तार कुंपणाच्या बाजूने हळूहळू फाटकाकडे सरकत होता.

"म्हणजे," मुसाबेक म्हणाला, "ती चरबी?"

"मी खाल्ली."

"सगळी?"

"सगळी."

त्याने यावर विचार केला. "आणि मुलगी? नातू?"

"नाहीत."

"मग आम्ही ज्याचं बक्षीस घेतलं," एक बाई म्हणाली, "ती साखर परत करायची का?"

"गप्प बसा सगळे," उलझान-अपा म्हणाली. ती उभी राहिली होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. "इमाम, हात खाली घेऊ नका. पहिल्यापासून म्हणा. जे म्हणायला हवं ते म्हणा."

इमामांनी पहिल्यापासून म्हटलं, मेलेल्यांसाठी म्हणतात ते. मी आमीन म्हणालो. सगळे म्हणाले. आणि मग अपा रडायला लागली. तिथल्या जुन्या बायका मयतासाठी सूर लावून, शब्द जुळवून रडतात, तसं. तिने सनोबरला हाका मारल्या. तुझी वाट बघत होते म्हणाली, तुझ्यासाठी चुना काढला, तुझ्यासाठी टाके घातले, तू यायच्या आधीच कशी गेलीस म्हणाली. आमच्या ताश्कंदच्या घरून मयत निघालं तेव्हा असं कुणी रडलं नव्हतं. सुनांनी डोळ्यांना रुमाल लावले होते आणि पाहुण्यांची ताटं मोजली होती. इथे एक बाई कधी न पाहिलेल्या बाईसाठी छाती पिटत होती, आणि बाकीच्या बायका तिला धरायला उठल्या त्याही रडू लागल्या.

पुलाव संपला. कढई खरवडून संपली. गाजरांबद्दल कुणी काही बोललं नाही. निघताना मुसाबेक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एका अर्थी बरं झालं, एर्गश. आता बिऱ्हाड पुरं झालं. कुणी यायचं राहिलं नाही. या आठवड्यापासून एरुलिक सुरू करतो. पहिली मेंढी माझी."

सनोबरचं वर्ष झालं होतं. मला हलकं वाटेल असं लोकांनी सांगितलं होतं. मला फक्त भूक लागली होती, आणि ती बऱ्याच दिवसांनी लागली होती.

सकाळी अपा माझ्या दारात आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "खोल्या रिकाम्या कर."

मी खाटेखालून पेटी ओढली.

"मी तुझ्यावर रागावलेय असं समजू नकोस. रागावलेय, पण त्यासाठी काढत नाहीये. या खोल्या मी तिला दिल्या होत्या, एर्गश. तुला दिल्याच नव्हत्या. तू तिच्याबरोबर आलेलं सामान होतास. आता लोक काय म्हणतील, विधवेच्या अंगणात कोण राहतं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच होतं.

कारखान्याच्या आवारात अविवाहित कामगारांची चाळ होती, तिथे एक खाट मिळाली. ती चाळ रुळांच्या पलीकडे, दुसऱ्या वस्तीत. मुसाबेकने येऊन फार हळहळत समजावलं की जो गल्लीत राहत नाही त्याला गल्ली एरुलिक देऊ शकत नाही. द्यायला हरकत नव्हती, पण उद्या रुळांपलीकडचे सगळेच मागतील. मेंढी मात्र कापायला आलीच होती. ती त्याने आपल्या जावयासाठी कापली.

माझं सामान फार नव्हतं. मी ते बांधत होतो आणि अपा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. मधूनच म्हणाली, "ती पेटी तशी नको ठेवूस, आडवी ठेव." मी आडवी ठेवली.

मग तिने विचारलं, "कशी होती ती?"

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. कशाने गेली ते विचारलं, केव्हा गेली ते विचारलं, दुसरं लग्न कधी करणार ते विचारलं. मी पेटीवर बसलो. चांगलं काहीतरी सांगावं असं मनात होतं. पण बसल्यावर खरं तेच तोंडात आलं.

"भांडखोर होती," मी म्हणालो. "सकाळपासून सुरू करायची. शेजारणींशी, भाजीवाल्याशी, माझ्याशी. कुणी नसलं तर रेडिओशी. शेवटी दवाखान्यात डॉक्टरशी भांडली, की तुम्ही मला मीठ का देत नाही."

अपा ऐकत होती.

"मग जमलं असतं आमचं," ती म्हणाली, आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला.